लांब तार, उंच तार : लहान होड्यांवरील अँटेनांचा इतिहास

समुद्रावरील बिनतारी संदेशवहनाचा इतिहास आजवर बहुतेक करून मोठ्या जहाजांचा आणि त्यांच्या उंच डोलकाठ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे, आणि त्यात यंत्राच्या शक्तीला जितके महत्त्व मिळाले तितके त्या यंत्राला जोडलेल्या तारेला मिळालेले नाही. वस्तुतः जिच्यावर डोलकाठी नाही, वीज पुरवणारे इंजिन नाही आणि जिचा नाविक पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेला असतो, अशा नौकेच्या दृष्टीने सगळा प्रश्न तारेचाच असतो. जहाज बुडाल्यावर पाण्यात सोडलेली जीवननौका, विमान कोसळल्यावर फुगवलेली रबरी डिंगी, बाल्सा लाकडाचा तराफा आणि अलीकडची कयाक, म्हणजे दुपाती वल्ह्याने चालवायची, वरून झाकलेली अरुंद होडी, या सर्वांवर गेल्या सव्वाशे वर्षांत जी कामचलाऊ, गुंडाळून नेता येण्याजोगी अँटेना उभारली गेली, तिच्या मुळाशी दोन निराळ्या गरजा आहेत. आरंभीच्या काळात तार लांब असावी लागे आणि ती लांबी मिळावी म्हणूनच ती वर चढवावी लागे. पुढे लहरी आखूड झाल्या, तार हातभर पुरू लागली, परंतु त्या लहरी क्षितिजाआड फारशा वळत नसल्यामुळे उंचीची गरज वेगळ्या कारणाने पुन्हा उभी राहिली. हा बदल ध्यानात घेतला नाही, तर पतंगापासून गळाच्या काठीपर्यंतचा हा सारा इतिहास केवळ चमत्कारिक युक्त्यांची जंत्री वाटू लागतो.

पहिल्या गरजेचा प्रत्यय १८९७ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या ब्रिस्टल चॅनलवर आला. गुलिएल्मो मार्कोनी आणि त्याचा सहायक जॉर्ज केम्प यांनी फ्लॅट होम या बेटावरून वेल्सच्या किनाऱ्यावरील लॅव्हरनॉक पॉइंटपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वापाच किलोमीटर पाण्यापलीकडे, संदेश पाठवण्याचे प्रयोग चालवले होते आणि कड्यावर उंच खांब उभारूनही पहिल्या दिवसांत समाधानकारक संकेत मिळत नव्हते. अखेर ग्रहणयंत्र कड्यावरून खाली वाळूवर आणण्यात आले आणि ते वरच्या खांबाला जोडण्यासाठी आणखी सुमारे २० यार्ड तार सोडण्यात आली, तेव्हा संकेत स्पष्ट उमटू लागले. यंत्र खाली आले असूनही संदेश सुधारला, कारण तार लांब झाली होती. या घटनेमागचे तत्त्व असे, की अँटेना, म्हणजे विद्युत्प्रवाहाचे अवकाशात पसरणाऱ्या लहरींत आणि आलेल्या लहरींचे पुन्हा प्रवाहात रूपांतर करणारा वाहक, त्या लहरीच्या लांबीच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी असली तरच आपले काम उत्तम करते. तिचा उरलेला अर्धा भाग जमीन किंवा समुद्राचे खारे पाणी पुरवते. तार याहून फारच आखूड राहिली, तर यंत्राने दिलेल्या शक्तीचा बराचसा भाग वाहकांत आणि वेटोळ्यांत उष्णता होऊन वाया जातो. मार्कोनीच्या काळातील लहरी शेकडो मीटर लांबीच्या असल्यामुळे तारही त्या मानाने लांब हवी होती.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथील सिग्नल हिल या टेकडीवर मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला, तोही कायमच्या मनोऱ्यावरील नव्हे, तर पतंगाने उचललेल्या अँटेनावर. आधी फुग्याने तार वर नेण्याचा प्रयत्न झाला होता, पण सोसाट्याच्या वाऱ्यात फुगा दोर तोडून गेला. मग सुमारे १५० मीटर तार पतंगाला बांधून सोडण्यात आली आणि कॉर्नवॉलमधील पोल्धू येथून पाठवलेली 'एस' या अक्षराची तीन टिंबे ऐकू आल्याचे मार्कोनीने जाहीर केले. त्या ग्रहणयंत्रात वापरलेला पाऱ्याचा संवेदक जगदीशचंद्र बोस यांच्या कलकत्त्यातील संशोधनाशी जोडला जातो, हे भारतीय वाचकाने विसरू नये. पतंगांची ही विद्याही त्या वेळी नवी नव्हती; ब्रिटिश सैन्यातील बी. एफ. एस. बेडन-पॉवेल, म्हणजे बालवीर चळवळीच्या संस्थापकाचे बंधू, यांनी वजन उचलणारे पतंग विकसित केले होते आणि बोअर युद्धात मार्कोनीच्या माणसांनी तारा उभारण्यासाठी पतंगांचा आधार घेतला होता. कामचलाऊ अँटेना ही मूळ शोधानंतर आलेली दुय्यम गोष्ट नसून शोधाच्या पहिल्याच दशकात ती त्याच्या अगदी केंद्रस्थानी होती, असे यावरून म्हणावे लागते.

१९०६ च्या बर्लिन परिषदेत जहाजांच्या सार्वजनिक संदेशांसाठी ३०० व ६०० मीटर लांबीच्या लहरी ठरल्या आणि 'एसओएस' हा संकटसंकेतही त्याच परिषदेत मान्य झाला. पुढे ६०० मीटरची लहर, म्हणजे सेकंदाला ५ लाख कंपने किंवा ५०० किलोहर्ट्झ ही वारंवारता, जगभरच्या जहाजांची संकटवाहिनी बनली. मोठ्या जहाजाला हे मानवले, कारण दोन डोलकाठ्यांच्या दरम्यान ताणलेल्या तारांना तिथे भरपूर लांबी आणि उंची मिळे. जीवननौकेला मात्र ते पेलणारे नव्हते. ६०० मीटरच्या लहरीचा चौथा हिस्सा १५० मीटर होतो आणि जीवननौकेची तात्पुरती काठी कशीबशी तीन-चार मीटर उंच असे. त्यामुळे जहाज बुडाल्यानंतर ज्यांना बोलण्याची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याच हाती सर्वांत निरुपयोगी अँटेना उरत असे. ही विसंगती दूर करण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले.

समुद्रावर कोसळणाऱ्या विमानांतील वैमानिकांसाठी जर्मनांनी हाताने फिरवायच्या जनित्रावर चालणारे एक छोटे प्रक्षेपक यंत्र तयार केले होते, आणि १९४१ मध्ये त्याचा एक नमुना ब्रिटिशांच्या हाती लागला. त्यावरून ब्रिटनने आपले यंत्र बनवले आणि अमेरिकेने 'एससीआर-५७८' हे यंत्र बनवले. गडद पिवळ्या रंगाची ही जलरोधक पेटी मध्यभागी निमुळती होती, कारण ती दोन्ही मांड्यांच्या मध्ये घट्ट धरून वरची मूठ फिरवायची होती. चार्ल्स डेना गिब्सन या चित्रकाराच्या सिंहकटी तरुणींवरून सैनिकांनी तिला 'गिब्सन गर्ल' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. मूठ फिरवली की वीज निर्माण होई आणि यंत्र आपोआप 'एसओएस' व पाठोपाठ एक लांब स्वर पाठवत राही, म्हणजे थकलेल्या, जखमी किंवा मोर्स संकेतलिपी न जाणणाऱ्या माणसालाही ते वापरता येई. त्याची शक्ती पाच वॉटच्या आतबाहेर होती, जी आजच्या हातात धरायच्या संचाइतकीच भरते.

या यंत्राचा खरा विशेष त्याच्या सोबतच्या सामानात होता. त्यात ३०० फूट बारीक तार, ती उचलण्यासाठी पेटीच्या आकाराचा घडीचा पतंग, वारा नसेल तेव्हासाठी रबरी फुगे आणि ते फुगवण्यासाठी हायड्रोजन निर्माण करणारे डबे असत. डब्यातील लिथियम हायड्राइड या रसायनाचा पाण्याशी संयोग झाला की हायड्रोजन वायू बाहेर पडे, आणि पाण्याची तर चहूकडे वाणच नव्हती. दुसरी, वजन बांधलेली तार डिंगीच्या काठावरून समुद्रात सोडली जाई. ती अँटेनाचा पाण्यातील अर्धा भाग होय. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर ही लांबी आदर्श १५० मीटरांपेक्षा कमीच होती, पण काठीवरच्या चार मीटरांच्या तुलनेत ती शतपटीने उपयोगी ठरली आणि यंत्राचा संदेश सुमारे दोनशे मैलांपर्यंत पोहोचतो असे मानले जाऊ लागले. या काळातील अभियंत्यांनी यंत्राची शक्ती वाढवण्याच्या मागे न लागता तार वर नेण्याची सोय केली. संकटातील माणसाच्या दंडात जेवढे बळ उरलेले असते त्याहून अधिक वीज कुठून आणणार, हा हिशेब त्यांनी नेमका ओळखला होता आणि या संपूर्ण इतिहासात यापेक्षा माणुसकीचा आणि शहाणपणाचा अभियांत्रिकी निर्णय क्वचितच सापडेल.

अशा क्षीण आवाजाला ऐकणारा कानही हवा होता. ५०० किलोहर्ट्झवर दर तासाच्या १५ व्या आणि ४५ व्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटे सक्तीची शांतता पाळली जाई. या वेळात इतर कोणीही काहीही प्रक्षेपित करायचे नाही, सर्वांनी फक्त ऐकायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम होता आणि जहाजांच्या बिनतारी कक्षांतील घड्याळांच्या तबकडीवर ते तीन-तीन मिनिटांचे पट्टे लाल रंगाने दाखवलेले असत. पतंगाच्या तारेवरून येणारा संकेत गर्दीत हरवू नये म्हणून जगभरच्या जहाजांनी दिवसातून ४८ वेळा गप्प बसावे, ही व्यवस्था कायद्याने उभी केलेली होती, आणि तिच्या अभावी गिब्सन गर्लचे पाच वॉट फारसे कामी आले नसते. युद्धानंतर या यंत्राच्या सुधारित आवृत्तीत ८३६४ किलोहर्ट्झ ही लघुलहरीही समाविष्ट झाली. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या १९६० च्या आंतरराष्ट्रीय कराराने जीवननौकेतील वाहता येण्याजोग्या यंत्राची अँटेना स्वतः उभी राहणारी किंवा नौकेच्या काठीवर शक्य तितक्या उंच चढवता येणारी असावी असे ठरवले आणि शक्य असल्यास पतंगाने किंवा फुग्याने उचललेली अँटेनाही सोबत असणे इष्ट मानले. सिग्नल हिलवरील प्रयोग अशा रीतीने साठ वर्षांनी कायद्याच्या भाषेत येऊन बसला.

लांबीची ही सक्ती ज्या लघुलहरींनी सैल केली, त्यांचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९२७ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात मार्कोनी पद्धतीची 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. काही किलोमीटर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या अवाढव्य केंद्रांऐवजी काही दशमीटर लांबीच्या लहरी वापरल्या, तर त्या वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन कितीतरी कमी शक्तीत सातासमुद्रापार जातात, हे या सेवेने व्यवहारात सिद्ध केले. खडकीच्या केंद्राचा कयाकशी प्रत्यक्ष संबंध नाही हे खरे. परंतु लहान नौकेच्या हाती जगाशी बोलण्याचे साधन आले ते याच लघुलहरींमुळे.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९४७ मधील कोन-टिकी हा तराफा. थॉर हेयेरडालच्या नेतृत्वाखाली पेरूतील कयाओ बंदरातून निघून १०१ दिवसांनी रारोइआ या प्रवाळबेटावर आदळलेल्या या तराफ्यावर क्नुट हाउगलँड आणि टोर्स्टेइन राबी हे दोन नॉर्वेजियन बिनतारी-तज्ज्ञ होते. त्यांनीही प्रथम पतंग आणि फुगा वापरून पाहिला, पण पतंग वाऱ्याच्या झोताने समुद्रात पडला, विषुववृत्तीय उन्हाने फुग्याला भोके पडली, आणि तराफ्यावरचा पोपट अँटेनाची तार चोचीने तोडू लागला. एवढ्या अडचणींतूनही त्यांनी मोजक्या वॉटच्या शक्तीवर अमेरिकेतील हौशी बिनतारीवाल्यांशी, म्हणजे व्यवसाय म्हणून नव्हे तर छंद म्हणून परवाना घेऊन प्रक्षेपण करणाऱ्यांशी, संपर्क साधला आणि नॉर्वेच्या राजाच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी थेट ऑस्लोपर्यंत त्यांचा आवाज पोहोचला. बाल्साच्या ओंडक्यांवरून एवढ्या दूर संदेश जाऊ शकला, याचे कारण तार लहरीच्या मापाची होती.

कयाक मात्र या साऱ्या काळात मुकीच राहिली. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक किनाऱ्यावरील इनुइट लोकांनी सीलच्या कातड्यापासून घडवलेली ही शिकारीची होडी विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कापड आणि लाकडी सांगाड्याच्या घडीच्या रूपात आली, आणि तिच्या आधाराने अशक्य वाटावेत असे प्रवास झाले. फ्रान्झ रोमर याने १९२८ मध्ये अशा होडीतून अटलांटिक ओलांडला आणि त्यानंतर पुढे निघालेला तो चक्रीवादळात नाहीसा झाला. हानेस लिंडेमान याने १९५६ मध्ये ७२ दिवसांत तोच महासागर पार केला. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म येथून डॅन्यूब नदीत उतरला आणि सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. त्या प्रवासात कराचीहून भारताच्या पश्चिम किनाऱ्याने तो १९३५ मध्ये सिलोनला गेला, म्हणजे कोकणचा किनाराही त्याच्या वल्ह्याखालून गेला. यांपैकी कोणाच्याही होडीवर मदत मागता येईल असे प्रक्षेपक यंत्र नव्हते. त्या काळातील यंत्राचे, बॅटरीचे आणि तारेचे ओझे कयाकच्या पोटात मावणारेच नव्हते.

हे चित्र बदलले ते अतिउच्च वारंवारतेच्या, म्हणजे व्हीएचएफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहरींमुळे. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत सागरी हाक आणि सुरक्षा यांसाठी १५६.८ मेगाहर्ट्झ ही वारंवारता निवडली गेली, १९५७ च्या हेग परिषदेत तिच्या वापराची आंतरराष्ट्रीय घडी बसली, आणि आज जगातील प्रत्येक मच्छीमार आणि खलाशी तिला 'चॅनेल सोळा' म्हणून ओळखतो. या लहरीची लांबी जेमतेम १.९ मीटर असल्याने तिचा चौथा हिस्सा ४८ सेंटिमीटर भरतो. जी तार वर नेण्यासाठी पूर्वी पतंग लागत असे, ती आता वल्ह्याच्या दांड्याहूनही आखूड झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रिचर्ड जॉन्सन यांनी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, रबराने मढवलेली बोटभर अँटेना तयार केल्यावर तर अख्खे यंत्र हातात मावू लागले, आणि जलरोधक संच बाजारात आले तेव्हा ते जीवनरक्षक जाकिटाच्या खिशात घालून कयाकवाले समुद्रात जाऊ लागले.

येथेच दुसऱ्या गरजेने डोके वर काढले. व्हीएचएफ लहरी जवळपास दृष्टिरेषेत जातात, आणि त्यांची मजल अँटेनाच्या उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असते; उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले, की त्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या छातीशी असलेला संच पाण्यापासून पाऊण मीटर उंच धरला, तर त्याचे क्षितिज साधारण साडेतीन किलोमीटरवर संपते, आणि तशाच दुसऱ्या कयाकशी त्याचे बोलणे सात किलोमीटरपलीकडे होऊ शकत नाही. मात्र शंभर मीटर उंच टेकडीवरील किनारी केंद्राशी तोच माणूस हिशेबाने पंचेचाळीस किलोमीटरवरून बोलू शकतो. प्रत्यक्षात ही मजल आणखी घटते, कारण दीड मीटरच्या लाटांच्या दरम्यान कयाक क्षणोक्षणी पाण्याच्या भिंतीआड जाते, ओले शरीर लहरी शोषून घेते आणि गुंडाळलेली रबरी अँटेना सरळ तारेपेक्षा कमी परिणामकारक असते. जहाजावरच्या पंचवीस वॉटच्या संचाऐवजी हातातील पाच वॉटचा संच असल्याने तोटा होतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. तीत तथ्याचा अंश असला तरी खरा तोटा उंचीचा आहे, कारण शक्ती पाचपट केली तरी क्षितिज एक मीटरही पुढे सरकत नाही. उलट, अँटेना पाऊण मीटरवरून सव्वादोन मीटरवर नेली, की तेच क्षितिज सहा किलोमीटरच्या पुढे जाते.

या गणितातूनच कयाकवाल्यांची हातबनावटीची अँटेना जन्माला आली, आणि तिच्यासाठी लागणारे ज्ञान त्यांना हौशी बिनतारीवाल्यांकडून मिळाले. गाडीच्या टपावर लावतात तशी चतुर्थांश लहरीची काठी कयाकवर नीट चालत नाही, कारण तिला खाली धातूचा पत्रा लागतो आणि कयाक फायबरची किंवा प्लास्टिकची असते. डेकखाली समुद्र असला तरी लाटेबरोबर त्याचे अंतर सतत बदलत राहते. यावरील उत्तर एका आकाशयानासाठी आधीच शोधले गेले होते. १९०९ मध्ये हान्स बेगेरो या जर्मन संशोधकाने झेपेलिन, म्हणजे हायड्रोजनने भरलेल्या महाकाय विमाननौकेखाली लोंबकळणाऱ्या अँटेनाचे पेटंट घेतले, जिच्यात अर्ध्या लहरीची तार तिच्या एका टोकाशी जोडलेल्या चतुर्थांश लहरीच्या दुहेरी तारेतून वीज घेत असे आणि तिला जमिनीची गरज पडत नसे. हवेत तरंगणाऱ्या यानाला जमीन नव्हती. समुद्रावरच्या प्लास्टिकच्या होडीलाही ती नाही. हीच रचना उभी केली की इंग्रजी 'जे' अक्षरासारखी दिसते, म्हणून १९४० च्या दशकापासून ती 'जे' अँटेना म्हणून रूढ झाली, आणि १९७८ मध्ये इंग्लंडमधील फ्रेड जड या हौशी बिनतारीवाल्याने तिची 'स्लिम जिम' ही आणखी सडपातळ आवृत्ती प्रसिद्ध केली.

'जे' अँटेनाला खरोखर खिशात आणले ते दूरचित्रवाणीच्या चपट्या दुपदरी केबलने. ३०० ओहमची ही केबल म्हणजे प्लास्टिकच्या फितीच्या दोन कडांत बसवलेल्या दोन समांतर तारा होत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर घरांच्या गच्चीवरील अँटेनापासून दिवाणखान्यातील संचापर्यंत अशीच केबल उतरत असे, त्यामुळे महाराष्ट्रातील एका पिढीला ती चांगली आठवत असेल. तिचा सुमारे १.३ मीटरचा तुकडा घेऊन, खालचे टोक जोडून, तळापासून काही सेंटिमीटरांवर यंत्राची केबल डकवली आणि एका बाजूच्या तारेत ठरावीक ठिकाणी छेद दिला, की १५६ मेगाहर्ट्झची पूर्ण 'जे' अँटेना तयार होते. ती गुंडाळून मुठीत मावते आणि किनाऱ्यावर मुक्काम पडला की सुताने झाडाच्या फांदीला टांगता येते. केबलच्या प्लास्टिकमुळे तिच्यातील लहर मोकळ्या हवेपेक्षा सुमारे एक-पंचमांश हळू चालते, म्हणून दुहेरी भाग त्या मानाने आखूड कापावा लागतो. हे न जाणता पुस्तकी लांबीने कापलेली अँटेना चुकीच्या वारंवारतेला साथ देते. दुसरा मार्ग याहून सोपा आहे: साध्या समाक्ष केबलच्या, म्हणजे मध्ये तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलच्या टोकावरची जाळी मोकळी करून ती मोज्यासारखी उलटी खाली चढवली, की मधली तार आणि उलटलेली जाळी मिळून अर्ध्या लहरीची अँटेना होते. ही रचना काठीच्या पोकळीत सहज लपते.

उभी करण्याचा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या सोयीने सोडवला. कोणी फायबरच्या गळाच्या काठीला तार चिकटवून ती काठी पाठीमागच्या खोबणीत खोचली, कोणी कयाकच्या छोट्या शिडाच्या काठीतून तार नेली, तर कोणी वल्हे उभे धरून त्याच्या दांड्यावर ती बांधली. यातल्या शेवटच्या पद्धतीत वल्हे लाकडी किंवा काचतंतूचे असावे लागते, कारण कार्बनतंतू वीज वाहतो आणि शेजारच्या तारेचे माप बिघडवतो. शिवाय वल्हे हा कयाकवाल्याचा तोल सांभाळणारा हात असल्याने खवळलेल्या समुद्रात ते अँटेनाला देणे धोक्याचे असते आणि नेमकी तेव्हाच अँटेनाची गरज असते. सैन्याच्या पाठीवरील बिनतारी संचांनी आणखी दोन युक्त्या पुरवल्या. मोजपट्टीसारख्या वक्र पोलादी फितीची अँटेना दुमडली तरी सोडताच ताठ उभी राहते, आणि आत पोलादी दोर ओवलेले धातूचे तुकडे तंबूच्या काठीप्रमाणे एका झटक्यात जोडले जातात. दोन्ही युक्त्या पुढे लहान होड्यांवर सर्रास दिसू लागल्या. तीन मीटर पातळ केबलमध्ये शक्तीचा साधारण आठवा हिस्सा नष्ट होतो, परंतु मिळालेल्या उंचीपुढे हे नुकसान क्षुल्लक ठरते. खारे पाणी हा मोठा शत्रू आहे, कारण केबलच्या उघड्या टोकातून ते जाळीत मुरत जाते आणि तांबे हिरवे पडून काही आठवड्यांत अँटेना निकामी होते. त्याहून गंभीर बाब अशी, की संचाची मूळ अँटेना काढून बाहेरची केबल जोडताना संचाचा जलरोधकपणाच भंग पावू शकतो. जास्त लाभांकाची, म्हणजे शक्ती क्षितिजाच्या दिशेने चपट्या पट्ट्यात एकवटणारी लांब अँटेना मोठ्या जहाजावर फायद्याची ठरत असली, तरी सतत डोलणाऱ्या कयाकवर तोच पट्टा कधी आकाशात तर कधी पाण्यात जातो. म्हणून साधी अर्ध्या लहरीची अँटेनाच येथे उत्तम, हा अनुभवी लोकांचा निष्कर्ष शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो.

या प्रश्नाचे गांभीर्य ९ फेब्रुवारी २००७ च्या घटनेतून जगापुढे आले. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू मॅकॉली टास्मानियाहून न्यूझीलंडकडे एकट्याने कयाक वल्हवत निघाला होता आणि किनारा दृष्टिपथात असताना त्या संध्याकाळी त्याने व्हीएचएफवरून मदतीची हाक दिली. ती हाक किनाऱ्यावर पोहोचली, परंतु अस्पष्ट व तुटक. दुसऱ्या दिवशी त्याची कयाक सापडली, तो मात्र सापडला नाही. त्या अस्पष्टतेचे कारण केवळ अँटेनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातातील संचावर अनेक गोष्टींचा परिणाम होतो. तरीही पाण्याच्या पातळीवरून बोललेला शब्द किती सहज विरून जातो, हे त्या घटनेने सागरी कयाकवाल्यांच्या मनावर कायमचे कोरले.

उपग्रहांनी यातील मोठा भाग सोपा केला, हे मान्य करावेच लागेल. कोस्पास-सरसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी सोडला गेला, आणि आज ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा, हातात मावणारा संकटदीप पोलादी फितीची वीतभर अँटेना उलगडून थेट आकाशाशी बोलतो; त्याला क्षितिजाचे बंधन नाही. भारत या व्यवस्थेचा सदस्य आहे आणि तिचे भारतीय नियंत्रण केंद्र बेंगळुरू येथे आहे. मच्छीमारांसाठी इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आले, पण त्याच्या पहिल्या पिढीत संदेश पोहोचला की नाही हे होडीवरच्या माणसाला कळत नसे. ही पोच परत पाठवण्याची सोय २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत झाली. कोकणातील बिगर-यांत्रिक किंवा छोट्या यंत्राच्या होडीची स्थिती कयाकपेक्षा फारशी वेगळी नसल्यामुळे या सुधारणेचे मोल तेथील नाखवा आणि खलाशी यांना अधिक कळेल. तरीही उपग्रहामार्फत दिलेली हाक बचावकेंद्रातून फिरून येईपर्यंत वेळ जातो, आणि चार किलोमीटरवरून चाललेल्या ट्रॉलरच्या तांडेलाला ती थेट ऐकू येत नाही. त्याच्या केबिनमधला संच चॅनेल सोळावर उघडा असतो आणि त्याची अँटेना डोलकाठीच्या टोकाला असते. त्या टोकाच्या दृष्टिरेषेत येण्यासाठी लहान होडीवरची तार आजही माणसाच्या डोक्यापेक्षा वर उचलावी लागते.